कोळसा आणि कूज : वाळल्या लाकडावरील शेंदरी कवक

(निसर्गनिरीक्षण व सामान्य विज्ञान — इयत्ता चौथी ते सातवी)

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दगडी कोळशासाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. या परिसरातील मुलांना कोळसा दाखविण्यासाठी चित्राची गरज पडत नाही. कोळशाने भरलेल्या मालमोटारी त्यांनी पाहिलेल्या असतात आणि काळी धूळ त्यांच्या परिचयाची असते. तरीही 'दगडी कोळसा हा पूर्वीच्या वनस्पतींपासून बनला' हे वाक्य पुष्कळ मुले केवळ पाठ करतात. झाडाचे दगडासारखे काहीतरी कसे झाले, आणि आज पडलेल्या झाडाचे तसे का होत नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात उठतच नाही. तो उठविण्याचे उत्तम साधन पावसाळ्यात शाळेच्या आसपासच मिळते. ते म्हणजे वाळल्या लाकडावर उगवणारे शेंदरी रंगाचे कवक होय.

पाठाचे प्रयोजन

या पाठात मुलांनी तीन गोष्टी समजून घ्यावयाच्या आहेत. पहिली, लाकूड आपोआप कुजत नाही. त्याला कुजविणारे सजीव असतात. दुसरी, हे सजीव ओल आणि हवा या दोहोंवाचून आपले काम करू शकत नाहीत. तिसरी, जेथे हे काम पुरे होते तेथे लाकडाची माती होते, आणि जेथे ते अडते तेथे लाकूड साठून राहते. राजूरच्या जमिनीवर पहिली गत दिसते आणि जमिनीखाली दुसरी. ज्या गावी दोन्ही गोष्टी इतक्या जवळ आहेत, त्या गावच्या शिक्षकास हा पाठ सर्वांत सोपा जावा.

कवकाची ओळख

पावसाळ्याच्या मध्यापासून हिवाळ्यापर्यंत आंब्याच्या, बाभळीच्या किंवा जंगली झाडांच्या वाळलेल्या फांद्या, तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि पडून राहिलेले ओंडके लक्षपूर्वक पाहावेत. त्यांपैकी एखाद्यावर नारिंगी-लाल रंगाचे, पंख्याच्या आकाराचे पातळ काप लाकडातून आडवे बाहेर आलेले दिसतात. भिंतीला फळी ठोकावी तसे हे काप एका बाजूने लाकडाला चिकटलेले असतात. त्यांना देठ नसतो, असला तरी अगदी आखूड असतो. रुंदी सामान्यतः दोन-तीन बोटांपासून चार-पाच बोटांपर्यंत आणि जाडी फार तर काही मिलिमीटर असते. कित्येकदा एकाच ओंडक्यावर अशा कापांची ओळ किंवा उतरंड दिसते. हाताला ते भूछत्रासारखे मऊ लागत नाहीत, तर चामड्यासारखे चिवट लागतात आणि वाळल्यावर कडक होतात. शेतातील भूछत्र दोन दिवसांत विरून जाते. हे कवक मात्र पाऊस सरल्यावरही कित्येक महिने लाकडावर टिकते. जुने होता होता ऊनपावसाने त्याचा रंग फिका पडतो.

रंग इतका उठून दिसतो की लाकडावर कोणी शेंदूर लावला असावा असे एखाद्या मुलास वाटेल. त्याने तसे म्हटले तर त्यास हसू नये. त्याच्या म्हणण्यापासूनच निरीक्षण सुरू करावे. शेंदूर लावला असता तर तो वरच्यावर असता आणि ओल्या बोटाला लागला असता. या कवकाचा काप मोडून पाहिला की आतला गरही नारिंगी-लाल दिसतो. याचा अर्थ, रंग वरून आलेला नसून कवकाने स्वतःच तयार केलेला आहे.

कापाची खालची बाजू अवश्य पाहावी. तेथे सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्रे दाटीने असतात. एका मिलिमीटरच्या लांबीत पाच-सहा छिद्रे मावतात. साधे भिंग असल्यास ती स्पष्ट दिसतात. ही प्रत्येक छिद्रातून आत जाणारी सूक्ष्म नळी असून तिच्या आतील बाजूस बीजाणू तयार होतात. बीजाणू खाली गळतात आणि वाऱ्यावर दूर जातात. छिद्रे खालच्या बाजूस का, हा प्रश्न मुलांना विचारावा. वरून पडणारे पावसाचे पाणी नळ्यांत शिरू नये आणि बीजाणू सहज खाली पडावेत, या दोन्ही सोयी त्यामुळे साधतात. एवढे उत्तर मुले विचारान्ती स्वतःच देऊ शकतात.

या कवकाचे शास्त्रीय नाव पिक्नोपोरस सॅंग्विनियस. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६३ साली त्याला 'रक्तवर्णी' या अर्थाचे विशेषण दिले, ते आजही चालू आहे. काही अभ्यासक अलीकडे त्याचा समावेश ट्रॅमेटिस या प्रजातीत करतात. परंतु प्राथमिक शाळेत या वादात शिरण्याचे कारण नाही. उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत ते आढळते. त्याचा एक जवळचा भाऊबंद थंड प्रदेशांत वाढतो. त्याच्या नावाचा अर्थ 'हिंगुळासारखा' असा आहे. विदर्भात टेकोडे, सात्या इत्यादी नावांनी ओळखली जाणारी खाण्याची भूछत्रे याच मोठ्या कुळातील होत. पण हे शेंदरी कवक खाण्याचे नव्हे, हे येथेच स्पष्ट सांगावे.

दिसते ते फळ, न दिसते ते झाड

आंबा हे आंब्याच्या झाडाचे फळ. त्याचप्रमाणे हा शेंदरी काप म्हणजे कवकाचे जणू फळ होय. कवकाचे खरे शरीर लाकडाच्या आत असते. केसाहूनही बारीक असे असंख्य तंतू लाकडाच्या पेशीपेशींतून पसरलेले असतात. त्यांच्या जाळ्यास कवकजाल म्हणतात. म्हणून बाहेरचा काप काढून टाकला तरी लाकूड कुजण्याचे थांबत नाही.

कवकात हिरवे द्रव्य नसते. त्यामुळे झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणे त्यास शक्य नाही. त्याला तोंड किंवा पोटही नसते. ते आपली पाचक द्रव्ये लाकडात बाहेर सोडते, लाकूड तेथेच विरघळवते आणि विरघळलेला अंश तंतूंवाटे शोषून घेते. 'आपण आधी खातो आणि मग पचवतो. कवक आधी पचवते आणि मग खाते' असे सांगितले म्हणजे मुलांच्या चांगले लक्षात राहते.

लाकडात मुख्यतः दोन प्रकारचे पदार्थ असतात. सेल्युलोज हे तंतुमय द्रव्य लाकडाचा निम्म्याच्या आसपास भाग व्यापते. लिग्निन हे कठीण द्रव्य सुमारे पाव भाग असते आणि ते तंतूंना एकत्र बांधून ठेवते. मातीच्या भिंतीत गवताच्या काड्या घालतात, तेथे काडी म्हणजे सेल्युलोज आणि माती म्हणजे लिग्निन अशी ढोबळ उपमा देता येईल. लिग्निन फोडणे फार अवघड असते. पुष्कळ सूक्ष्म जीवांना ते साधत नाही. शेंदरी कवक ज्या गटात मोडते, त्या गटातील कवकांना मात्र ते उत्तम साधते. त्यांनी कुजविलेले लाकूड फिकट, पांढुरके आणि धाग्याधाग्यांचे होते. म्हणून या कुजण्यास पांढरी कूज म्हणतात. दुसऱ्या काही कवकांना केवळ सेल्युलोज खाता येते. ती लिग्निन मागे ठेवतात, तेव्हा लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. ही तपकिरी कूज होय.

येथे मुले वाळवीचे नाव काढतील. वाळवी लाकूड पोखरते हे खरेच आहे; पण तिने खाल्लेल्या लाकडात पोकळ वाटा आणि मातीचे लिंपण दिसते, तर कवकाने कुजविलेले लाकूड आहे त्याच आकारात राहून मऊ व हलके होते. दोन्ही नमुने शेजारी ठेवून फरक दाखवावा.

निरीक्षणासाठी फेरी

पाऊस उघडल्यावर एखाद्या सकाळी वर्गास शाळेच्या आवारात, गावाच्या कडेस किंवा पांदीने न्यावे. मुलांचे चार-चारांचे गट करावेत. प्रत्येक गटाने एक पडलेला ओंडका किंवा बुंधा शोधून पुढील नोंदी कराव्यात : लाकूड कोणत्या झाडाचे, ते उन्हात आहे की सावलीत, जमिनीला टेकले आहे की वर आहे, हाताला ओले लागते की कोरडे, पेन्सिलीचे टोक त्यात शिरते की नाही, त्यावर कोणकोणती कवके आहेत, सालीखाली कोणते किडे आहेत. साल उचलण्यासाठी काडीचा उपयोग करावा, हात घालू नये. ओंडक्याखाली विंचू, गोम किंवा साप असण्याचा संभव असतो. ओंडका उलथून पाहिल्यास तो पुन्हा होता तसा ठेवावा.

नमुना म्हणून एका गटाने एकच काप घ्यावा. तो कागदात गुंडाळून आणावा व आणल्यावर मुलांनी हात धुवावेत. कोणीही कवक तोंडात घालू नये. खाणी, जुने खड्डे आणि कोळशाचे वा मुरमाचे ढिगारे यांच्या जवळपास वर्ग कधीही नेऊ नये. या पाठास त्याची गरज नाही.

वर्गातील पहिला प्रयोग : वजन कोठे गेले?

एकाच जातीच्या लाकडाचे दोन तुकडे शक्य तितक्या सारख्या आकाराचे करून घ्यावेत. एक धड, एक कुजका. दोन्ही चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवावेत, म्हणजे पाण्याचे वजन राहणार नाही. नंतर ते तराजूच्या दोन पारड्यांत ठेवावेत. धड तुकड्याचे पारडे खाली जाते. मग पुढील संभाषण सहज घडेल.

शिक्षक : दोन्ही तुकडे एवढेच आहेत. मग हा हलका का?
मुले : गुरुजी, तो कुजला आहे.
शिक्षक : कुजला म्हणजे त्याचे काय झाले? त्यातले लाकूड कोठे गेले?
मुले : बुरशीने खाल्ले.
शिक्षक : बुरशी तर ओंजळीत मावेल एवढीच दिसते. मोठा ओंडका तिने खाल्ला, तर तिचे वजन ओंडक्याएवढे का झाले नाही?

या शेवटच्या प्रश्नावर वर्ग थांबेल. त्यास थोडा वेळ थांबू द्यावे. मग विचारावे, की आपण रोज भाकरी खातो, तरी रोज भाकरीएवढे वजन वाढत नाही, ते का? आपण श्वास बाहेर टाकतो, तेव्हा अन्नातील कार्बन कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने बाहेर पडतो. कवकाचेही तसेच आहे. झाडाने जन्मभर हवेतून घेतलेला कार्बन ते बहुतांशी पुन्हा हवेत सोडते, आणि झाडाने जमिनीतून घेतलेली क्षारद्रव्ये हळूहळू जमिनीस परत मिळतात. उरते ती भुसभुशीत, ओल धरून ठेवणारी काळसर माती. अशा मातीत रोप लवकर रुजते.

दुसरा प्रयोग : कुंपणाचा खांब

हा प्रयोग गावाने आधीच करून ठेवलेला असतो. तो फक्त पाहावयाचा आहे. शेताच्या कुंपणातील जुना लाकडी खांब घ्यावा. तो वरच्या टोकाशी बहुधा टणक असतो. जमिनीत खोलवर गेलेला भागही पुष्कळदा बराच धड निघतो. कुजलेला भाग सापडतो तो जमिनीच्या पृष्ठभागालगत, आणि खांब मोडतो तोही तेथेच. याचे कारण मुलांकडून काढून घ्यावे. वर हवा आहे, पण ओल टिकत नाही. खोल जमिनीत ओल आहे, पण हवा थोडी. पृष्ठभागालगत मात्र दोन्ही एकत्र मिळतात. म्हणून खांबाच्या खालच्या भागाला डांबर लावून मगच तो पुरण्याची रीत आहे. कवकाचे नावही ठाऊक नसलेल्या सुताराने त्याचा स्वभाव अनुभवाने ओळखलेला असतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

याच्या जोडीला वर्षभराचा एक प्रयोग लावता येईल. सावरीसारख्या मऊ लाकडाचे तीन सारखे तुकडे घ्यावेत. एक वर्गातील कोरड्या फळीवर ठेवावा. दुसरा सावलीतील ओलसर मातीत अर्धा पुरावा. तिसरा माठात चिखल भरून त्यात बुडवावा आणि चिखलावर नेहमी पाणी राहील अशी काळजी घ्यावी. माठ झाकून ठेवावा, म्हणजे डास होणार नाहीत. तिन्ही तुकड्यांवर तारीख लिहिलेली पत्र्याची पट्टी बांधावी. पुढील वर्षीच्या वर्गाने ते काढून पाहावेत. दुसरा तुकडा सर्वांत अधिक कुजलेला आढळेल. एका वर्गाने लावलेला प्रयोग दुसऱ्या वर्गाने पुरा करावा, यातही एक शिक्षण आहे.

जमिनीखालचे लाकूड

एवढी तयारी झाली म्हणजे राजूरसारख्या गावी एखादा मुलगा हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही : "गुरुजी, हा ओंडका असाच पडून राहिला, तर पुढे त्याचाही कोळसा होईल का?" संपूर्ण पाठाचा हाच मध्यबिंदू होय. कोणी न विचारल्यास शिक्षकाने विचारावा.

उत्तर असे, की होणार नाही. या ओंडक्याला ओल मिळते, हवा मिळते, ऊब मिळते. शेंदरी कवक व त्याचे सोबती त्याची माती करून टाकतील. कोळसा होण्यास आधी लाकूड शिल्लक राहिले पाहिजे.

वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा पर्मियन नावाच्या काळात साचलेल्या थरांतील आहे. तो काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन २५ कोटी वर्षांपूर्वी संपला. तेव्हा भारताची भूमी अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्याशी जोडलेली होती. त्या महाखंडास गोंडवन म्हणतात. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून पडलेले आहे. आपल्या भागाचे नाव साऱ्या जगाच्या भूशास्त्रात रूढ झाले आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. त्या वेळच्या सखल, दलदलीच्या प्रदेशांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतींची दाट राने होती. या नावातील पहिल्या पदाचा अर्थ 'जीभ' असा आहे, कारण त्यांची पाने जिभेच्या आकाराची होती. नागपूरच्या परिसरातून स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेल्या अशा वनस्पतींच्या अश्मीभूत अवशेषांचे वर्णन १८६१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नावाने नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ओळखले जाते, तेच हे हिस्लॉप.

ही झाडे मरून दलदलीत पडत. साचलेल्या पाण्याखाली हवा पोहोचत नसे. म्हणून कूज पुरी होत नसे आणि अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साठत जात. जमीन हळूहळू खचत होती. नद्या वर वाळू व गाळ आणून टाकीत होत्या. थरावर थर चढले. दाब आणि उष्णता यांनी पाणी व वायू निघून गेले, कार्बनचे प्रमाण वाढले आणि कोट्यवधी वर्षांनी त्याचा दगडी कोळसा झाला. चिखलाच्या माठातील तुकडा आणि कुंपणाच्या खांबाचे खोल गेलेले टोक यांची येथे आठवण द्यावी. जे माठात एका वर्षापुरते घडले, तेच दलदलीत फार मोठ्या प्रमाणावर घडले.

एक सावधगिरी

'त्या काळी लाकूड कुजविणारी कवके जन्मालाच आली नव्हती, म्हणून कोळसा झाला' असे विधान पुष्कळदा वाचावयास मिळते. ते मुलांना सांगण्यापूर्वी शिक्षकाने थोडे थांबावे. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. अनेक कवकांची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहून, लिग्निन फोडण्याची शक्ती कवकांत सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी आली असावी, असा अंदाज त्यात केला होता. युरोप-अमेरिकेतील पुष्कळ कोळसा त्यापूर्वीचा असल्यामुळे हा तर्क लोकप्रिय झाला. परंतु २०१६ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी कोळशाच्या थरांचा जगभरचा हिशेब मांडून दाखविले की, कोळसा साठण्याचे कारण दलदलीस अनुकूल हवामान आणि खचणारी भूमी यांत शोधले पाहिजे. कवकांच्या अभावाची कल्पना आवश्यक नाही.

आपल्या कोळशाच्या बाबतीत तर तो तर्क लागूच पडत नाही. गोंडवनातील थर बव्हंशी त्या अंदाजित काळानंतरचे आहेत. शिवाय अंटार्क्टिकात सापडलेल्या पर्मियन काळातील अश्मीभूत लाकडांत कवकांनी केलेल्या पांढऱ्या कुजीच्या खुणा आढळल्या आहेत. ते लाकूड ग्लॉसोप्टेरिसाच्याच रानांच्या काळातील होय. म्हणजे शेंदरी कवकासारखे काम करणारे जीव तेव्हाही होते. कामकरी होते; पण पाण्याखाली त्यांना हवा मिळाली नाही, म्हणून काम अडले. विज्ञानात एखादे आकर्षक उत्तर पुढील पुराव्याने बदलते, आणि तसे बदलण्यात कमीपणा नसतो, हे दाखविण्यास याहून घरचे उदाहरण मिळणार नाही.

जेथे कूज नको

रानात जे काम उपकारक, तेच घरात घातक ठरते. कवकास रानातील ओंडका आणि घराचे आढे यांतील भेद कळत नाही. गळक्या कौलांखालचा वासा, मोरीजवळची चौकट, जमिनीला टेकलेला फळ्याचा पाय येथे कूज लागते. लाकूड कोरडे राहिले तर ती लागत नाही. लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी असेल, तर कवक वाढू शकत नाही. म्हणून कौले वेळेवर चाळणे, गळती बुजविणे, लाकडाला वारा लागू देणे हेच पहिले उपाय होत. मुलांकडून शाळेच्या इमारतीची पाहणी करवावी आणि ओल येणाऱ्या जागांची यादी शिक्षकाने शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. पेन्सिलीचे टोक ज्या वाशात सहज शिरते, त्याखाली मुले बसवू नयेत.

पूर्वी भूमिगत खाणींत छताला आधार म्हणून लाकडी खांब देण्याची रीत सर्रास होती. खाणीतील दमट, उबदार हवा कवकास मानवते. वरून धड दिसणारा खांब आतून कुजला, तर छताचा भार पेलत नाही. पुढे पोलादी आधार आणि छतात बसविण्याचे बोल्ट आले. खाणकामाशी संबंध असलेल्या घरांतील मुलांना आजोबांना याविषयी विचारून येण्यास सांगावे. त्यांनी सांगितलेली माहिती वर्गात मांडली, म्हणजे पाठास घरचा आधार मिळेल.

रंग, औषध आणि खबरदारी

बंगालमधील कवकांचे प्रसिद्ध अभ्यासक सहायराम बोस यांनी १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात, याच कवकात जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य असल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा त्याचे नाव पॉलिस्टिक्टस सॅंग्विनियस असे होते. त्याच्या शेंदरी रंगद्रव्यांतही असा गुण असल्याचे पुढील संशोधनात आढळले. लिग्निन फोडणाऱ्या त्याच्या पाचक द्रव्यांचा उपयोग रंगाचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कसा होईल, याचाही शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत.

ही माहिती सांगताना एक गोष्ट निक्षून सांगावी. प्रयोगशाळेत एखाद्या द्रव्याचा गुण आढळणे निराळे आणि ते कवक उगाळून जखमेवर लावणे किंवा पोटात घेणे निराळे. तसे कोणीही करू नये. रानातील कवकांविषयी मुलांना एकच नियम द्यावा : पाहावे, नोंदवावे, घरातील जाणत्या माणसाने ओळखून आणल्याशिवाय खाऊ नये. रंगावरून विषारी कोणते आणि खाण्याचे कोणते हे ठरविता येत नाही. दरवर्षी पावसाळ्यात विषारी भूछत्रांपासून अपघात होतात. हा नियम एका मुलाने जरी लक्षात ठेवला, तरी पाठाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.

सरपण आणि ओंडका

पाठ संपताना 'मग वाळके लाकूड जाळणे वाईट काय?' असा प्रश्न निघेल. ज्या घरी चूल पेटते, त्या घरच्या मुलास अपराधी वाटेल असे काहीही बोलू नये. सरपण ही गरज आहे. मात्र रानातले प्रत्येक लाकूड उचलले गेले, तर कवकास, किड्यांना आणि ते टिपणाऱ्या सुतार पक्ष्यांना काही उरत नाही, आणि मातीस मिळावयाचा वाटा तिला मिळत नाही. शाळेच्या आवारातील एखादा पडलेला ओंडका तरी कोपऱ्यात राहू द्यावा. त्यावर 'निरीक्षणासाठी' अशी पाटी लावावी.

कोळशाविषयीही समतोल ठेवावा. राजूरच्या कित्येक घरांचा संसार त्यावर चालला आहे, आणि देशातील वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशापासून तयार होते. त्याचबरोबर, जो कार्बन दलदलीत अडकून २५ कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली राहिला, तो माणूस दोन-तीन शतकांत हवेत परत पाठवीत आहे आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हेही वरच्या इयत्तांना समजावून द्यावे. कवकही कार्बन हवेत सोडते. पण तो कालपरवाच्या झाडाचा असतो आणि नवे झाड तो पुन्हा घेते.

उजळणीचे प्रश्न

१. कवकाचा बाहेरचा काप काढला तरी लाकूड कुजत का राहते?
२. पांढरी कूज व तपकिरी कूज यांतील फरक नमुने दाखवून सांगा.
३. कुंपणाचा खांब जमिनीलगतच का मोडतो?
४. कुजक्या लाकडाचे वजन कमी होते. ते कोठे जाते?
५. रानातील ओंडक्याचा कोळसा का होत नाही? दलदलीतील झाडांचा का झाला?

स्वाध्याय

घराजवळील एका ओंडक्याची दर महिन्यास पाहणी करून वर्षभर नोंद ठेवावी. वरच्या इयत्तांनी वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर दोन चित्रे काढावीत. डाव्या पानावर 'लाकडाची माती', उजव्या पानावर 'लाकडाचा कोळसा'. दोन्ही चित्रांचा आरंभ एकाच झाडाने करावा आणि वाट कोठे फुटली, तेथे मुलांनी आपल्या शब्दांत कारण लिहावे. ते कारण ज्या मुलास पाठ न करता लिहिता आले, त्याला हा पाठ समजला.